गाडीचं कव्हर आणि गार: सगळा खेळ थांबायच्या अंतराचा

गाडीच्या कव्हरच्या पाकिटावर हल्ली ऊन, पाऊस, धूळ, गारा अशी सगळी चित्रं एका ओळीत छापलेली असतात आणि उघडून बघावं तर आत अर्धा मिलिमीटरही जाड नसलेलं पॉलिएस्टरचं कापड. आता हे कव्हर टाकाऊ असतं असं अजिबात नाही, उन्हाला ते मस्त चालतं. पण पाऊस अडवतंय म्हणजे गारासुद्धा अडवणारच, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. पाणी अडवायला कापडाची छिद्रं बारीक लागतात, धक्का अडवायला जाडी लागते, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी गार किती जोरात येते ते बघू. ढगात खालून वर जाणारा वारा गारेला उचलून धरतो, तिच्यावर पाणी गोठत जातं, आणि वजन त्या वाऱ्याला पेलेनासं झालं की ती खाली येते. येताना तिचा वेग वाढतच जात नाही, एका टप्प्यावर हवेचा विरोध आणि वजन सारखं होतं आणि वेग तिथेच स्थिरावतो. हा वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, शाळेत शिकलोय आपण. वेगाचा वर्ग म्हणजे नुसता व्यास, तर व्यासाचा घन गुणिले व्यास, म्हणजे ऊर्जा थेट व्यासाच्या चौथ्या घातात वाढते! गार दुप्पट मोठी झाली की मार दुप्पट नाही, 16 पट.

आकड्यांत सांगायचं तर अडीच सेंटिमीटरची गार साधारण 7 ग्रॅमची, ताशी 70 किलोमीटरच्या आसपास येते आणि तिच्यात जेमतेम 1.3 ज्यूल ऊर्जा असते. 5 सेंटिमीटरची गार जवळपास 60 ग्रॅमची, वेग ताशी 100, ऊर्जा 20 ज्यूलच्या वर, म्हणजे एक किलोचं वजन दोन मीटरवरून बोनेटवर सोडल्यासारखं. 2010 साली अमेरिकेत साउथ डकोटामधल्या व्हिव्हियन इथे 20 सेंटिमीटर व्यासाची, 0.88 किलोची गार सापडली होती, तिच्यापुढे कुठलंच कव्हर टिकणार नाही.

आता खरी गंमत. गार थांबते तेव्हा तिची ऊर्जा कुठेतरी खर्ची पडायलाच हवी, आणि ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. ऊर्जा तर गारेने ठरवलेली आहे, आपल्या हातात फक्त अंतर उरतं. थांबायला जितकं जास्त अंतर द्याल तितकं बल कमी. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतो ना, अगदी तेच. उघड्या पत्र्यावर अडीच सेंटिमीटरची गार आदळली आणि पत्रा 2 मिलिमीटर आत गेला असं धरलं, तर सरासरी बल येतं 650 न्यूटन, तेही एका टिंबाएवढ्या जागेवर. पत्रा असतो साधारण 0.7 मिलिमीटर जाड. एका मर्यादेपर्यंत तो स्प्रिंगसारखा परत वर येतो, मर्यादा ओलांडली की पोचा कायमचा. मध्ये फोम असेल आणि तो 7 मिलिमीटर दबला तर तेच बल 190 न्यूटनच्या आत येतं, वर ते जास्त मोठ्या जागेवर पसरतं. पातळ कापड अंतरात भर किती घालणार? अर्धा मिलिमीटर. संपला विषय.

पण नुसता मऊ फोमही कामाचा नाही. फोम दाबत गेलं की आधी थोडा विरोध होतो, मग आतल्या हवेच्या पेशींच्या भिंती एकेक करून मुडपायला लागतात आणि बराच वेळ बल जवळजवळ सारखंच राहतं, हाच तो सपाट टप्पा जिथे ऊर्जा शोषली जाते. सगळ्या पेशी मिटल्या की बल एकदम उसळतं आणि फोम नसल्यात जमा. फार मऊ फोम 5 सेंटिमीटरच्या गारेखाली लगेच तळाला जातो, फार कडक असेल तर मुडपतच नाही, बल सरळ पत्र्यावर. म्हणून कव्हर घेताना दोन बोटांत दाबून बघा, चटकन दबून बोटं एकमेकांना टेकली तर ते गारांसाठी नाही. आणि पेशी बंद असलेलाच फोम हवा, स्पंजसारखा उघडा फोम पाणी पितो आणि ते पाणी रंगाला लावून ठेवतो.

याच अंतराच्या हिशोबाने ताणलेली जाळी फोमलाही मागे टाकते, कारण ती मिलिमीटर नाही तर कितीतरी सेंटिमीटर खाली झुकते. मेक्सिकोत प्युएब्लाच्या फोक्सवॅगन कारखान्यात उघड्यावरच्या नव्या गाड्या वाचवायला गारा फोडणाऱ्या तोफा वापरत होते, म्हणजे आकाशात मोठ्ठा आवाज सोडायचा. शेतकरी म्हणाले यामुळे आमचा पाऊस गेला, 2018 मध्ये कंपनीने तोफांचा वापर आवरता घेऊन जाळ्यांकडे मोर्चा वळवला. या तोफा 1890 च्या दशकापासून युरोपात आहेत आणि त्यांनी गारा थांबतात याला आजपर्यंत पुरावा नाही. अहो, त्याच ढगात त्याहून कितीतरी मोठा गडगडाट होत असतो, त्याने गार फुटत नाही तर तोफेने काय फुटणार? आणि पाऊस पळवल्याचा आरोपही तितकाच निराधार.

अजून एक, वादळात गारा सरळ पडत नाहीत. सेकंदाला 20 मीटरने खाली येणाऱ्या गारेला तितकाच आडवा वारा मिळाला तर ती 45 अंशात येते आणि ऊर्जा दुप्पट होते. बऱ्याच कव्हरना फोम फक्त वरच असतो, बाजू नुसत्या कापडाच्या. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. मागची आणि बाजूची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड, तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण कोंडलेला असतो, तडा आतपर्यंत गेला की अख्ख्या काचेचा चुरा. फोम कमीच असेल तर आधी तिकडे लावा.

उन्हाचं काम सोपं आहे, अतिनील किरणं रंगावरच्या पारदर्शक थराच्या रेणूंचे बंध तोडतात, घट्ट विणीचं कापड त्यांना बऱ्यापैकी अडवतं. धूळ मात्र जपा. वाळूचे कण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात आणि सैल कव्हर वाऱ्याने फडफडलं की तेच कण पॉलिश पेपरसारखे घासत राहतात, म्हणून गाडी धुऊनच कव्हर टाका, पट्टे खालून घट्ट ओढा, आणि गारा थांबल्या की ओलं कव्हर काढून वाळवा.