रूट कॅनालमध्ये नळी स्वच्छ कशाने होते?

फाइल नावाच्या बारीक सुयांनी घासले की दाताच्या मुळातील नळी स्वच्छ होते आणि नंतरचे द्रावण केवळ भुगा धुऊन काढण्यापुरते असते, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. मायक्रो-सीटी, म्हणजे दाताच्या आतील बारीक रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण चित्रणांत, आढळले आहे की नळीच्या भिंतीचा बराच भाग, अनेकदा 35 टक्के किंवा त्याहून अधिक, फाइलच्या स्पर्शाविना राहतो. तेथील आणि आडव्या फाट्यांतील जिवाणूंपर्यंत पोहोचू शकते ते द्रावणच. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते आणि मृत ऊती विरघळवते, तर ईडीटीए या रसायनाचे 17 टक्क्यांचे द्रावण, फाइलने घासताना भिंतीवर बसलेला खनिजांचा थर काढते.

मात्र द्रावण कोणते, याइतकेच ते कसे पोहोचवले जाते हेही महत्त्वाचे आहे. बाजूला छिद्र असलेल्या सुईतून सोडलेले द्रावण तिच्या टोकापुढे जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर जाते, म्हणून सुई पुरेशी खोल, पण घट्ट न अडकवता आणि हलक्या दाबाने वापरावी लागते; जोर केल्यास हायपोक्लोराइट मुळाबाहेर जाऊन तीव्र वेदना व सूज येऊ शकते. नळीतील द्रावणाला अल्ट्रासोनिक (ऐकू न येणाऱ्या, अतिवेगवान) कंपने दिल्यास स्वच्छता सुधारते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. दीर्घकालीन यशाबाबत मात्र रुग्णांवरील पुरावा अजून तोकडा असल्याने त्याची हमी देणे मला योग्य वाटत नाही.