नुसते डावीकडे वळायचे, त्यात तयारी कसली?

अमेरिकेत मुख्यतः लंबगोल ट्रॅकवर होणाऱ्या नॅसकार मोटारशर्यतींतल्या गाड्या नुसत्या डावीकडे वळतात, म्हणून त्यांना फारशी तयारी लागत नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी चुकीचा आहे. टेनेसीतील ब्रिस्टलच्या जेमतेम ०.५३३ मैलाच्या ट्रॅकवरील रात्रीच्या शर्यतीसाठी डाव्या टायरांत उजव्यांपेक्षा कमी हवा भरतात, आणि सूर्य मावळून ट्रॅकचे काँक्रीट थंड होऊ लागले की टायरांची पकड बदलते, हे गृहीत धरूनच गाडीची जुळणी करावी लागते. (हेडलाइट तेवढे तपासावे लागत नाहीत, ते नुसते स्टिकर असतात.) तरीही अंदाज चुकलाच, तर पिट स्टॉपमध्ये (शर्यतीदरम्यान टायर-इंधनासाठी घेतलेल्या छोट्या थांब्यात) मेकॅनिक मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा दाब बदलतो, अर्ध्या-एक आट्यानेही वळणावर गाडीचा स्वभाव पालटतो.