उपग्रहांवर आधारलेला अॅप्रोच: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कधी लागतो

ढग खाली उतरलेत, रनवे दिसत नाही आणि त्या टोकाला आयएलएसही, म्हणजे जमिनीवरून रेडिओने उतरायची वाट दाखवणारी यंत्रणाही, नाही. अशा वेळी आरएनपी अॅप्रोच, म्हणजे उपग्रहांच्या आधाराने ठरलेल्या मार्गावरून रनवेकडे उतरण्याची पद्धत, कामी येतो. तो करायला वेगळी परवानगी लागते का? साध्या आरएनपी अॅप्रोचला खासगी उड्डाणात सहसा लागत नाही. कागद मात्र पुरे हवेत, वैमानिकाचे आणि विमानाचेही.

वैमानिकाकडे चालू इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता) हवं. युरोपात २५ ऑगस्ट २०२० पासून त्यात पीबीएनचे (विमानाच्या दिशादर्शनाच्या अचूकतेवर आधारलेल्या उड्डाणाचे) अधिकारही असावे लागतात. अमेरिकेत मागच्या ६ महिन्यांतले ६ इन्स्ट्रुमेंट अॅप्रोच, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं) आणि कोर्स (ठरलेला मार्ग) पकडून त्यावर राहण्याचा सराव लॉगबुकात दिसला पाहिजे.

खरी गफलत होते ती विमानाच्या कागदात. पॅनेलवर नवाकोरा रिसीव्हर आहे म्हणून एलपीव्ही (दिशेसोबत उताराचंही अचूक मार्गदर्शन देणारा अॅप्रोच) करता येतो, असं गृहीत धरू नका. फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी उघडा आणि कोणत्या अॅप्रोचला मान्यता लिहिली आहे ते शब्द न् शब्द वाचा. टीएसओ-सी१२९ या अमेरिकी मानकाचा जुना रिसीव्हर एलनॅव्हपर्यंतच, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या दिशेच्या मार्गदर्शनापर्यंतच, नेतो. एलपीव्हीसाठी सी१४५ किंवा सी१४६ हवा, शिवाय वास (अमेरिका), एग्नॉस (युरोप) किंवा गगन (भारत) अशा, जीपीएसची अचूकता वाढवणाऱ्या यंत्रणेचा सिग्नल हवा. तेव्हा काही ठिकाणी २०० फुटांपर्यंत खाली येता येतं. हातातला जीपीएस किंवा टॅबलेट यात धरला जात नाही.

रिसीव्हरमधला मार्गांचा आणि अॅप्रोचचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. रिसीव्हर सुरू करताच मुदतीची तारीख पडद्यावर येते आणि घाईत बोट थेट एंटरवर जातं. ते बोट तिथेच थांबवा, तारीख वाचा. अॅप्रोच डेटाबेसमधूनच लोड करायचा, पॉइंट हाताने टाकून रचायचा नाही. रिसीव्हर सी१२९चा असेल तर निघण्याआधी रेमचा (रिसीव्हर उपग्रहांचे सिग्नल स्वतः पडताळतो त्या सोयीचा) अंदाजही तपासा.

रीतसर अर्ज लागतो तो आरएनपी एआरसाठी, म्हणजे खास मान्यता लागणाऱ्या आरएनपी अॅप्रोचसाठी. तिथे सुरक्षित पट्टा दोन्ही बाजूंना आरएनपी मूल्याच्या (मार्गापासून किती सरकणं चालतं त्या अंतराच्या) फक्त दुप्पट असतो, त्यापलीकडे राखीव जागा नाही. वळणं शेवटच्या टप्प्यातही येतात आणि मूल्य ०.१ सागरी मैलापर्यंत उतरू शकतं. म्हणूनच इतकी कडक छाननी होते, आणि ती योग्यच आहे. अर्जासोबत विमानाच्या पात्रतेचा पुरावा, एमईएल (कोणतं उपकरण बंद असताना उडता येतं त्याची यादी), कार्यपद्धती, प्रशिक्षणाचा आराखडा, डेटाबेस पडताळण्याची पद्धत आणि उड्डाणांवर देखरेख ठेवण्याची योजना द्यावी लागते. हे सगळं तुमच्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडे जातं.

मान्यता हातात असली तरी शेवटचा शब्द पडद्याचा. अंतिम टप्पा सुरू व्हायच्या आत तिथे एलपीव्ही लिहून आलं आहे का, हे डोळ्यांनी बघा. एलनॅव्ह दिसत असेल तर एलनॅव्हचीच किमान उंची धरायची, एलपीव्हीची नाही.