मातीची गाडी आणि आसाचे भोक

हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या खेळण्यातल्या गाड्यांची भाजलेली चाके आणि चौकटी आज सापडतात. लाकडी आस आणि काड्या कधीच कुजून गेल्या. प्रतिकृती फसते ती नेमकी इथे, कारण माती आकसते, काडी नाही.

नुसती काळी माती घेऊ नये, ती फार आकसते आणि तडकते. गाळाची माती चाळून तीत पाचवा हिस्सा खापरीचा बारीक चुरा मळावा. चुनखडीचे खडे वेचलेच पाहिजेत. 800 अंशांच्या पुढे त्यांचा चुना होतो आणि काही दिवसांनी हवेतली ओल पिऊन फुगला की चाकाची कपची उडवतो.

आधी 100 मिमीची पट्टी भाजून मोजा. 90 भरली, तर 60 मिमीच्या चाकासाठी ओले चाक 67 मिमीचे हवे. भोकही तितकेच आवळते (पुष्कळांना ते मोठे होईल असे वाटते): 8 मिमीचे 7.2 होते, त्यात 6 मिमीची काडी मोकळी फिरते. वाळताना मात्र काडी भोकात ठेवू नका. माती तिच्यावर आवळते आणि तडा थेट कडेपर्यंत जातो.

पुष्कळ हडप्पा चाकांना एका बाजूने तुंबा, म्हणजे भोकाभोवतीचा जाड उंचवटा, असतो. तो शोभेचा समजून गाळणारे बरेच. 8 मिमी जाडीचे सपाट चाक या भोकात सुमारे 8 अंश कलते. तुंब्यामुळे भोक 20 मिमी लांब झाले, की तेच चाक साडेतीन अंशांवर अडते. गाडी डुलते की चालते, ते यावर ठरते. पण जाड तुंबा मागाहून वाळतो, पातळ कड आधी, आणि सांध्यावर गोल चीर पडते. म्हणून कडेला ओलसर फडके गुंडाळावे, चाक रोज उलटावे. नाहीतर त्याची बशी होते.

आव्यात सुरुवातीची आच मंद हवी. आतल्या पाण्याची झपाट्याने वाफ झाली तर चाक फुटते. निवतानाही घाई नको: 573 अंशांना वाळूतले क्वार्ट्झ एकदम आकार बदलते.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मिळालेली डोके नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल कच्च्या मातीचे आहेत. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडीने दोन्ही जोडता येतात. इथे काडी घट्ट बसायला हवी, आणि माती न भाजल्याने आकसणे फक्त वाळण्याचे. ते 7 टक्के असेल, तर 6 मिमीच्या काडीला साडेसहाचे ओले भोक पुरते. काडी फिरवत घाला. ठोकली तर बैलाची पाठ उकलते.