दोन गाढवं, महाळुंग आणि रोमशी घेतलेला पंगा

रोमन साम्राज्याशी लढणारा सेनापती आपल्या माणसाला पत्रात काय लिहील? हल्ला कर, माघार घेऊ नकोस, असलंच काहीतरी ना. पण यहुदियाच्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनकडच्या) वाळवंटातल्या एका गुहेत जे पत्र सापडलं त्याचा आशय असा आहे, की दोन गाढवं पाठवतोय, त्यांच्याबरोबर दोन माणसं देऊन येहोनातान आणि मसबाला या एन गेदी गावच्या अधिकाऱ्यांकडे धाड, ते खजुराच्या झावळ्या आणि महाळुंगं बांधून देतील, मर्टल आणि विलोच्या फांद्या तुझ्या तुझ्या बाजूने जमव, सगळ्याचा धार्मिक दशमांश काढलेला असू दे आणि छावणीवर पाठव, कारण सैन्य मोठं आहे. बस्स, एवढंच. ज्यूंचा सुक्कोथचा सण तोंडावर आलेला आणि त्या पूजेला या चार वनस्पती लागतातच, त्यामुळे साहेब रोमशी लढता लढता पूजेच्या सामानाची यादी देतायत.

हे साहेब म्हणजे शिमोन बर कोसिबा. इतिहासात ते बर कोखबा म्हणून ओळखले जातात, म्हणजे अरामी भाषेत ‘ताऱ्याचा मुलगा’. नंतर बंड फसलं तेव्हा त्याच नावात थोडा फेरफार करून लोकांनी ‘बर कोझिबा’ म्हणजे खोटारडा केलं. खरं नाव कोसिबा होतं हे त्यांच्या अशा पत्रांमुळेच पक्कं झालं, तोपर्यंत नुसता वाद.

(महाळुंग म्हणजे तेच, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. ज्यू लोक त्याला एथ्रोग म्हणतात. आणि हे झाड मुळात हिमालयाच्या पायथ्याकडचं, म्हणजे आपल्याच बाजूने पश्चिमेला गेलेलं. जेरुसलेमजवळ रामात राहेल इथल्या जुन्या राजबागेच्या भिंतीच्या गिलाव्यात अडकलेले त्याचे परागकण सापडलेत, बर कोखबाच्याही काही शतकं आधीचे.)

आता थोडी पार्श्वभूमी. ज्यूंनी रोमविरुद्ध पहिलं मोठं बंड केलं इ.स. 66 मध्ये, त्यात 70 साली जेरुसलेम आणि तिथलं मंदिर रोमनांनी उद्ध्वस्त केलं आणि नंतर 73-74 च्या सुमारास मसादाचा किल्ला पडला. या बंडाबद्दल जोसेफस या त्या काळच्या ज्यू इतिहासकाराने भरपूर लिहून ठेवलंय. पण 132 ते 135 च्या या दुसऱ्या बंडाला असा कोणी जोसेफस मिळालाच नाही. कॅशियस डिओ या रोमन इतिहासकाराचा छोटासा मजकूर आहे, तोही त्याच्या मूळ ग्रंथातून नाही तर 11व्या शतकात एका भिक्षूने केलेल्या सारांशातून आलेला. म्हणून या बंडाचा इतिहास बराचसा पुस्तकांतून नाही, तर जमीन उकरून लिहावा लागलाय, आणि मला त्यातच खरी मजा वाटते.

डिओ काय म्हणतो? की सम्राट हेड्रियनने जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना नावाचं रोमन शहर वसवायला घेतलं, त्यावरून भडका उडाला. यावर बरीच वर्षं शंका होती, कारण शहर हे बंडानंतरची शिक्षा म्हणून वसवलं असंही म्हणता येतं. मग पुरून ठेवलेल्या नाण्यांचे साठे मिळाले, त्यात बंडखोरांची नाणी आणि या नव्या शहराची नाणी एकत्र. बंडखोरांची नाणी बंड मोडल्यावर कोण कशाला जमवून पुरेल? म्हणजे शहराचं काम बंड संपायच्या आधीच सुरू झालेलं होतं.

ही नाणी स्वतःच एक भारी प्रकरण आहे. बंडखोरांनी नवीन धातू ओतून नाणी पाडलीच नाहीत, बाजारात फिरणारी रोमन नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला, काशाच्या नाण्यांवरचा सम्राटाचा चेहरा तर आधी कानशीने घासून काढायचे. तरी ठसा नेहमी नीट बसायचा नाही, त्यामुळे आज भिंगाखाली बघितलं तर ठशातल्या मंदिराच्या खांबांमागून सम्राटाचं नाक नाहीतर त्याच्या नावाची दोनचार अक्षरं डोकावतात आणि खालचं नाणं कुणाचं, कधीचं हे कळतं. वरची अक्षरं मुद्दाम जुन्या हिब्रू लिपीत, जी रोजच्या वापरातून कधीच गेली होती. आज कोणी मोडी लिपीत नाणं पाडावं तसंच काहीसं. मजकूर, ‘इस्राएलच्या मुक्तीचं वर्ष पहिलं’, ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’.

आता हे ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ वाचून वाटतं की त्यांनी जेरुसलेम घेतलंच असणार. पण जुन्या जेरुसलेमच्या उत्खननात मिळालेल्या 20,000 पेक्षा जास्त नाण्यांत बर कोखबाची नाणी जेमतेम चार-पाच. बाहेरच्या भागात, गुहांमध्ये मात्र ढीगभर. शहर हातात असतं तर बाजारात ही नाणी पडली असती, सांडली असती, हरवली असती. म्हणून आता बहुतेक अभ्यासकांचं मत असं की जेरुसलेम त्यांच्या हाती आलंच नाही, ती घोषणा होती, बातमी नव्हे.

डिओ आणखी एक गोष्ट सांगतो, की ज्यूंनी उघड्या मैदानात रोमनांशी भिडणं टाळलं, जमिनीखाली भुयारं खणली, हवा आणि उजेडासाठी वर भोकं ठेवली. हा सरळ सरळ गनिमी कावा. आणि भुयारं खरंच सापडली, एकदोन नाही, शेकडो जागी. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला कमी उंचीच्या टेकड्या आहेत, तिथला दगड खडूसारखा मऊ, साध्या हत्याराने कोरता येतो. गावकऱ्यांनी घराखालच्या पाण्याच्या टाक्या, तेलाचे घाणे, कबुतरखाने हे सगळं भुयारांनी जोडून टाकलं. वाट इतकी अरुंद की रांगतच जावं लागतं, मध्येच काटकोनात वळण, कुठे सरळ खाली उडी, आणि आतून दगड सरकवून तोंड बंद करायची सोय. चिलखत घातलेला रोमन शिपाई यात एका वेळी एकच शिरणार, तोही डोकं पुढे करून, आणि समोर अंधारात कोण बसलंय ते माहीत नाही. शिस्तबद्ध रांगेत लढणं ही रोमनांची सगळ्यात मोठी ताकद, ती इथे शून्य.

शेवटी हेड्रियनला थेट ब्रिटनमधून ज्युलियस सेवेरस या सेनापतीला बोलवावं लागलं, तिकडून इकडे म्हणजे साम्राज्याचं एक टोक ते दुसरं. त्याने मोठी लढाई द्यायचं टाळून एकेका गटाला घेरून, रसद तोडून संपवलं. 135 मध्ये बंडखोरांचा शेवटचा किल्ला, जेरुसलेमजवळचा बेतार, पडला आणि त्यातच बर कोखबा गेला. डिओचे आकडे भयानक आहेत, 50 किल्ले आणि 985 गावं उद्ध्वस्त, 5,80,000 माणसं लढाईत मेली, उपासमार आणि रोगराईने गेलेले वेगळे. हे फुगवलेलं आहे असं आधी सगळेच म्हणायचे, पण त्या भागात खोदलेली एकामागून एक गावं याच काळात ओस पडलेली दिसतात, त्यामुळे आता काही संशोधक म्हणतात की आकडे इतके हसण्यावारी नेऊ नका. रोमनांचंही एवढं नुकसान झालं होतं की हेड्रियनने सिनेटला लिहिताना ‘मी आणि सैन्य खुशाल आहोत’ हे नेहमीचं वाक्य गाळलं म्हणे. प्रांताचं यहुदिया हे नावही पुसून सीरिया पॅलेस्टिना केलं.

राहिलेले लोक मृत समुद्राजवळच्या कड्यांमधल्या गुहांत लपले. आता 1,900 वर्षं कागद, कापड, चामडं टिकलं कसं, तर पावसामुळे, म्हणजे त्याच्या नसण्यामुळे. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग जेरुसलेमच्या डोंगरावर रिकामे होतात आणि पलीकडच्या उतारावर काहीच उरत नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका डोळ्यासमोर आणा. जेरुसलेमला वर्षाला 500 मिमीच्या वर पाऊस, आणि 25-30 किलोमीटरवर मृत समुद्राकाठी 100 मिमीसुद्धा नाही. ओल नाही म्हणजे बुरशी नाही, जिवाणूंना काम नाही, लोखंडाला गंजही कमी. 2023 मध्ये मृत समुद्राकाठच्या एन गेदीजवळच्या एका गुहेत संशोधक गेले होते झुंबरासारख्या लोंबत्या दगडावरचा पुसट लेख खास कॅमेऱ्याने टिपायला, आणि त्यातूनच पुढे कपारीत सापडल्या चार रोमन तलवारी, त्यातल्या तीन लाकडी म्यानांसकट! बहुतेक रोमनांकडून पळवलेल्या आणि लपवून ठेवलेल्या.

सुरुवातीचं ते गाढवांचं पत्र मिळालं 1960 मध्ये, नाहल हेवरच्या गुहेत, पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या टीमला. कापडात गुंडाळलेली 15 पत्रं, एक तर लाकडाच्या पातळ फळीवर लिहिलेलं. सैन्याचं सुरुंग शोधायचं यंत्र गुहेत फिरवलं तर काशाच्या भांड्यांनी भरलेली टोपली निघाली. कापडं तपासली तर लोकर आणि जवसाचा (लिननचा) धागा एकत्र विणू नये हा धर्मनियम पाळलेला. महागडा वाटणारा जांभळा रंगही समुद्री गोगलगायीचा अस्सल नव्हता, निळीत लाल मिसळून केलेला, म्हणजे डुप्लिकेट.

पत्रांत बर कोखबा चिडलेलाच जास्त दिसतो. एन गेदीवाल्यांना झापतो, की तुम्ही इस्राएलच्या मालावर आरामात खाताय-पिताय आणि भावांची पर्वा नाही. दुसरीकडे सापडलेल्या पत्रात तर एका अधिकाऱ्याला पायात बेड्या घालीन अशी धमकी.

आणि त्याच गुहेत एका बाईची चामड्याची पिशवी होती, बबाथा तिचं नाव. आत 35 कागद, खजुराच्या बागांचे, लग्नाचे, पोराच्या पोटगीचे (महिना 2 दिनार, आणि तेवढ्यात भागत नाही अशी तिची तक्रार). शेवटचा कागद ऑगस्ट 132 चा, म्हणजे बंडाच्या तोंडावरचा. तिचा दुसरा नवरा वारल्यावर त्याच्या मालमत्तेवरून ती आणि तिची सवत मिरियम कोर्टात भांडत होत्या. ही मिरियम एन गेदीची, आणि यादिन यांचा अंदाज असा की ती त्या झावळ्या बांधून देणाऱ्या येहोनातानची बहीण असावी. तसं असेल तर वर कड्यावर रोमन छावणी आणि खाली एकाच गुहेत दोघी सवती, आणि बबाथाच्या पिशवीत मिरियमला कोर्टात हजर राहायला सांगणारं जुलै 131 चं समन्स, नीट घडी घालून ठेवलेलं.