दोन्ही योजना 'हमी'च्याच, पण एक जुनं कर्ज विचारायची आणि दुसरी मान्यता

जून २०२१ च्या शेवटी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका टूर्सवाल्या काकांचा फोन आला. "दहा लाख भेटून राहिले म्हणे सरकारकडून!" त्याच आठवड्यात पेंचच्या जंगलाच्या सिल्लारी गेटवर जिप्सी चालवणारा एक जण मला सांगत होता, की बँकेनं त्याला दोन लाख देऊ केले, तेही सरकारचेच. दोघांना वाटत होतं, योजना एकच. प्रत्यक्षात दोघे दोन वेगळ्या योजनांबद्दल बोलत होते, आणि पैसे सरकारचे दोन्हींत नव्हते.

जिप्सीवाल्याची योजना म्हणजे ईसीएलजीएस, आपत्कालीन पतपुरवठा हमी योजना. मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, ती छोट्या उद्योगांसाठी आली. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के नवं कर्ज, तारण न मागता. मार्च २०२१ च्या अखेरीस तिचा तिसरा भाग जाहीर झाला. त्यात हॉटेलं, प्रवास आणि पर्यटन आलं, मर्यादा ४० टक्क्यांवर गेली आणि मुदत सहा वर्षांची झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मुद्दल भरायचं नाही, व्याज मात्र भरायचं. गाडीच्या कर्जाचे पाच लाख बाकी असतील, तर दोन लाखांपर्यंत. हप्ते २९ फेब्रुवारी २०२० ला साठ दिवसांहून जास्त थकलेले नसावेत, ही अट.

आता गंमत बघा. ही टक्केवारी जुन्या कर्जावर. काकांनी वीस वर्षांत बँकेचा एक रुपया उचलला नव्हता. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे त्यांनी अक्षरशः पाळलेलं. शून्याचे ४० टक्के शून्य!

काकांनी टीव्हीवर ऐकलेली दुसरी. २८ जून २०२१ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती खास पर्यटनासाठी जाहीर केली: ट्रॅव्हल व्यावसायिकांना दहा लाखांपर्यंत, परवानाधारक गाईडना एक लाखापर्यंत कर्ज. प्रोसेसिंग फी नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. इथं जुनं कर्ज असण्याची गरज नव्हती. गरज होती मान्यतेची. व्यावसायिक केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने मान्यता दिलेला हवा, गाईड मंत्रालयाचा किंवा राज्य सरकारचा. जाहीर करतानाच अंदाज होता सुमारे हजार व्यावसायिकांचा आणि मंत्रालयाच्या १०,७०० गाईडचा, तोही अख्ख्या देशात. काकांकडे दुकानाची नोंदणी होती, जीएसटी क्रमांक होता. मंत्रालयाचा कागद नव्हता, कारण त्यावाचून त्यांचं कधी अडलंच नव्हतं. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या गेटवरच्या गाईड पोरांचीही तशीच अडचण: वनखात्याचं ओळखपत्र म्हणजे पर्यटन मंत्रालयाची मान्यता नव्हे, आणि राज्य सरकारची मान्यता म्हणून ते चालेल याची खात्री नव्हती.

मला विचाराल तर अटी निव्वळ आडमुठेपणाच्या नव्हत्या. पहिलीत बँकेला तुमची कुंडली आधीच ठाऊक, म्हणून पैसा झटपट सुटतो. दुसरीत बँक तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा तुम्ही खरंच या धंद्यात आहात हे कुणीतरी सांगायला हवं. फक्त त्या सांगणाऱ्याकडे आपल्या इकडची बहुतेक माणसं कधी गेलेलीच नव्हती.

राहिला 'हमी' हा शब्द, ज्यानं सगळा घोळ घातला. दोन्हींत नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनीमार्फत शंभर टक्के हमी होती. ती कुणाला? बँकेला. तुम्ही बुडवलंत, तर बँकेचा तोटा तिथून भरून निघतो. तुमची देणेदारी संपत नाही, वसुली चालू राहते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो तुमच्याच. अनुदान परत द्यावं लागत नाही, हे परत द्यायचंच होतं. (रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ती तिसरीच गोष्ट. तिथं नवा पैसा मिळाला नाही, जुन्यावरचं व्याज तेवढं चढलं.)

काकांनी शेवटी दोन्हींचा नाद सोडला. जिप्सीवाल्यानं कर्ज घेतलं. २०२१ मध्ये घेतलेलं ते २०२७ पर्यंत चालणार. पावसाळ्यात जंगलाच्या कोअरचे, म्हणजे आतल्या गाभ्याचे, गेट बंद असतात, हप्ता मात्र जुलैतही कापला जातो.