मिलेफिओरी मण्याचं वय त्याच्या फुलावरून कळत नाही

जुने मणी विकणाऱ्या साइट्सवर मिलेफिओरीच्या, म्हणजे अंगावर फुलांची नक्षी असलेल्या काचेच्या मण्यांच्या, फोटोखाली कधी 'रोमन' तर कधी '400 वर्षं जुने' असं बिनधास्त लिहिलेलं असतं, आणि मला वाचून खरंच वाईट वाटतं, कारण पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या माळांमधले हे मणी बहुतेक 19व्या शतकाच्या शेवटी नाहीतर 20व्याच्या सुरुवातीला इटलीतल्या व्हेनिस-मुरानोत बनलेत आणि त्यांची खरी गोष्ट काही कमी भारी नाहीये.

घोळ होतो तो टेक्निकमुळे. अळूवडीचा उंडा कुठेही कापा, प्रत्येक वडीत तीच नक्षी दिसते ना, अगदी तसंच. रंगीत काचेचे थर साच्यात एकावर एक चढवतात, मग दोघंजण तो गरम गोळा दोन टोकांना धरून एकमेकांपासून लांब चालत जातात, काच पाकाच्या तारेसारखी ताणली जाते आणि आतलं फूल बारीक होत जातं पण मोडत नाही. गार झाल्यावर त्या कांडीच्या चकत्या करायच्या, त्यांना मुरिने म्हणतात, आणि तारेवर गुंडाळलेल्या गरम मण्यावर चिकटवून लोळवायच्या. हीच युक्ती 2000 वर्षांपूर्वी रोमन काळात होती, नंतर मागे पडली, 15व्या शतकात व्हेनिसमध्ये परत आली, पुन्हा मागे पडली, आणि 19व्या शतकात नव्याने जमवली गेली. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मुरानोचा काच कारागीर विन्चेन्झो मोरेत्ती याचं मुरिने काम मांडलं होतं. मिलेफिओरी म्हणजे 'हजार फुलं', हे नावसुद्धा 19व्या शतकातलंच.

कार्बन डेटिंग करा म्हणाल, तर काच म्हणजे वाळू, सोडा, चुना, त्या पद्धतीला लागतो तसा सजीवातून आलेला कार्बन तिच्यात नसतोच. मग एक्सआरएफ मशीन लावतात, म्हणजे मण्यावर एक्स-रे टाकून कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघायचं, मणी फोडावा लागत नाही. भडक लाल-केशरी रंगात सेलेनियम-कॅडमियम सापडलं तर मणी साधारण 1890 च्या आधीचा नसणार, पिवळ्या-हिरव्यात युरेनियम निघालं तर 1830 च्या आधीचा नाही. पण यातून फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच कळतं.

मला सगळ्यात आवडतात ती व्यापाऱ्यांची सॅम्पल कार्डं. पुठ्ठ्यावर मणी शिवलेले, ऑर्डरसाठी नंबर टाकलेले. लंडनचा व्यापारी मोझेस लेविन याची अशी कार्डं 1863 पासून ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. तारीख माहीत असलेल्या कार्डावर तुमच्या मण्याचा जुळा भाऊ मिळाला की कालखंड बराच पक्का होतो.

थडग्यात सापडला म्हणून वय ठरलं असंही नाही हं, कारण घानाच्या क्रोबो लोकांत मणी आईकडून मुलीकडे जातात, मुलगी वयात आल्यावर डिपो विधीत ते अंगावर घालतात, त्यामुळे बनला कधी आणि पुरला कधी यात दोन-तीन पिढ्या सहज जातात. त्या पिढ्यांची खूण मण्याच्या टोकांवर असते, शेजारच्या मण्याला घासून घासून टोकं सपाट झालेली असतात. उत्तर प्रदेशात पुर्दिलनगरला आज बनणाऱ्या काचेच्या मण्यांची टोकं अजून गोल असतात, आणि भोकात कधीकधी, मणी चिकटू नये म्हणून तारेला लावलेल्या मातीची पांढरी पूड राहिलेली दिसते.